गार दिवा

त्या साली माघातल्या अमावस्येला भर दुपारी सूर्यग्रहण लागणार होतं, आणि नेमक्या त्याच दुपारी श्रीपती वायरमनला उसाच्या एका ट्रॉलीचा मागचा दिवा बघायला जावं लागलं. कारखान्याच्या वाहन विभागात दिव्यांचं काम जाणणारे तिघंच. त्यातल्या एकाच्या बायकोचे दिवस भरत आले होते, म्हणून तो आतून कडी लावून घरी बसलेला. दुसऱ्यानं सकाळीच पोट धरलं. राहिला श्रीपती. "तुम्ही काही ग्रहण पाळत नाही," असं म्हणून साहेबांनी काम त्याच्या गळ्यात घातलं आणि स्वतः मात्र घाईघाईनं बंगला गाठला.

साहेब बोलले ते खोटं नव्हतं. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर श्रीपतीच्या घरातून जे जे बाहेर गेलं, त्यात ग्रहणही गेलं होतं. त्यानं पिशवीत पक्कड, पेचकस, टेस्ट लॅम्प आणि काळी टेप टाकली, सूर्य बघायला म्हणून वेल्डिंगच्या काचेचा एक तुकडा खिशात घातला आणि सायकल काढली. ट्रॅक्टर येडशीच्या रस्त्याला, सहा-सात मैलांवर उभा होता.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एरवी हंगामात या रस्त्याला ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग सुटत नसे. हा रस्ता बहात्तरच्या दुष्काळी कामावर झालेला. तेव्हा श्रीपती शाळा सोडून इथं खडी फोडायला होता, आणि त्याच्या शेजारच्या ढिगावर त्यांच्याच वस्तीतले आबाराव. खडीची एक कपची उडून आबारावांच्या डाव्या डोळ्यात गेली ती इथंच. पुढं उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आला. पण डोळ्यांची गोष्ट आबारावांनी कुणाला सांगितली नव्हती. एका श्रीपतीला सोडून.

पुढं श्रीपती वायरमन झाला आणि साहेबांच्या हातापाया पडून त्यानं आबारावांना आपला मदतनीस म्हणून लावून घेतलं. काम सोपं होतं. ट्रॉलीचा दिवा तपासायला दोन माणसं लागतात. एकानं पुढं बटण दाबायचं, नाहीतर वायर हलवायची. दुसऱ्यानं मागं उभं राहून दिव्याकडं बघायचं. मध्ये उसाचा डोंगर, त्यामुळं पुढच्याला मागचं दिसत नाही. तो ओरडतो, "लागला का?" मागचा सांगतो, "लागला," किंवा "न्हाय." आता आबारावांना दिवसाउजेडी लागलेला दिवा कसा दिसायचा? श्रीपतीनंच तोड काढली. म्हणाला, "आबा, काचंला तळवा लावून बघा. गरम लागली की लागला म्हना." तीन हंगाम हे बिनबोभाट चाललं.

चौथ्या हंगामात, उन्हाळ्याच्या तोंडाला, एक ट्रॉली पश्चिमेला पाठ करून उभी होती. ऊन थेट काचेवर. आबारावांनी तळवा लावला, काच चांगली तापलेली. "लागला," ते म्हणाले. श्रीपतीनं चिठ्ठीवर सही केली. दिवा लागलेला नव्हता. त्या संध्याकाळी बब्रुवान नावाचा एक दूध घालणारा माणूस सायकलवरनं त्या ट्रॉलीच्या मागच्या बाजूवर आदळला, आणि उसाच्या मोळ्या त्याच्या छातीत शिरल्या. मागं दोन मुली राहिल्या.

चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, "तुझ्या मदतनिसाला दिसत नाही, हे तुला माहीत होतं?"

श्रीपती म्हणाला, "न्हाय, सायेब."

आबाराव शेजारीच उभे होते. त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली, थोडा वेळ तशीच ठेवली. मग म्हणाले, "व्हय सायेब. म्या कुणाला सांगितलंच न्हवतं."

आबारावांना काढून टाकलं. श्रावणात ते तापानं गेले. तेव्हापासून श्रीपती दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबत नसे. बटण दाबायचा, चालत मागं जायचा, स्वतः बघायचा, मगच सही करायचा. कारखान्यात त्याच्या सहीला आता मोठी किंमत होती. आपण कधीतरी खरं बोलायला हवं असं त्याला रोज वाटे, आणि रोज ते राहून जाई.

ट्रॅक्टर एका चिंचेच्या झाडाखाली उभा होता. ड्रायव्हर धुळाप्पा टॉवेल डोक्यावरनं ओढून घेऊन टायराला टेकून बसलेला. उमरग्याकडचा, पन्नाशीचा माणूस. श्रीपतीला बघून तो उठला, पण उन्हात आला नाही.

"मिस्त्री, दिवा मदीच लागतुय, मदीच जातुय. दिवस बुडायच्या आत नीट न्हाय झाला तर मला रातभर हितंच ऱ्हावं लागंल. पर आता माज्याच्यानं हुबं ऱ्हावणार न्हाय बगा. गिराण सुटंपतुर म्या त्या कोट्यात बसतो."

"बसा की," श्रीपती म्हणाला.

"तुमी बी चला."

"मला काय हुतंय?"

धुळाप्पानं त्याच्याकडं दयेनं बघितलं आणि शेतातल्या कुडाच्या कोट्याकडं चालायला लागला. कोटा चांगला दोन-अडीचशे पावलांवर होता. त्यानं आत जाऊन दाराचा झापा लावून घेतल्याचं श्रीपतीनं पाहिलं.

पहिली खोड लगेच सापडली. दसऱ्याला ट्रॉलीला हौसेनं रंग दिलेला, आणि दिव्याच्या बोल्टाखालीही तो भरपूर लावलेला. बल्बला एक वायर पुढून येते आणि दुसरी वाट ट्रॉलीच्या लोखंडातनं जाते. मध्ये रंग आला की ती वाट बंद. दर दसऱ्याला लोक आपल्या ट्रॉल्या अशा सजवून आंधळ्या करत आणि दर वर्षी श्रीपती ते खरवडत बसे. त्यानं बोल्ट काढून रंग घासला, परत आवळला. दिवा लागला. त्यानं चाकाला एक लाथ घातली. दिवा गेला. म्हणजे वायरही कुठंतरी तुटलेली होती.

एव्हाना ऊन पातळ झालं होतं. ढग नव्हते, तरीही उजेड पिवळट आणि जुनाट दिसत होता. चिंचेखाली उन्हाचे जे गोल कवडसे पडतात, त्यांच्या चंद्रकोरी झाल्या होत्या. मातीवर, मडगार्डवर, श्रीपतीच्या सदऱ्यावर शेकडो कोरी हलत होत्या. साळुंक्या ओरडत झाडात शिरल्या आणि एकदम गप्प झाल्या. तोडून दोन दिवस झालेल्या उसाचा आंबूस वास जास्तच यायला लागला. श्रीपतीनं काच डोळ्याला लावून सूर्य पाहिला. नखाएवढा उरला होता. मग काच खाली घेऊन, बघू तरी काय होतंय म्हणून, त्यानं एकदा तसाच वर डोळा टाकला. क्षणभरच. डोळ्यांत एक लाल ठिपका उठला आणि विरला.

तो ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये, हुकापाशी उकिडवा बसला. वायर इथंच घासते, हे अनुभवानं माहीत. एका हातानं वायर धरून तो बोटबोटभर पुढं सरकत हलवायला लागला. हात कामात, डोकं मोकळं. बोलायचं म्हणून तो बोललाच नाही. इतक्या वर्षांच्या सवयीनं तोंडातून आपोआप गेलं.

"लागला का, आबा?"

"लागला."

श्रीपतीचा हात थांबला. आवाज मागून, उसाच्या पलीकडून आला होता. बसका, नेहमीसारखा, जरा उशिरानं आलेला.

"धुळाप्पा?" त्यानं हाक मारली. वारा थंड झाला होता आणि पाचट सळसळत होतं. तो उठून ट्रॉलीला वळसा घालून मागं गेला. कुणी नव्हतं. रस्ता दोन्ही बाजूंना मैलभर मोकळा पडलेला. कोट्याचा झापा लावलेलाच होता. आणि दिवा लागलेला होता, लालभडक.

पाचट वाजलं असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. माणूस अशा वेळी स्वतःला जे सांगतो तेच. तो परत हुकापाशी जाऊन बसला आणि वायर पुन्हा हातात घेतली. या वेळी त्यानं काही विचारलं नाही. नुसती वायर जराशी वाकवली.

"गेला..." मागून आवाज आला.

त्यानं वायर सरळ केली.

"आला."

पुन्हा वाकवली.

"गेला..."

जागा सापडली होती. हुकाच्या बरोबर खाली, वरचं रबर शाबूत, आतली तार तुटलेली. श्रीपतीला पळायचं होतं. पण पाय उठेनात आणि हात मात्र रोजच्यासारखे चालत राहिले. त्यानं वायर कापली, सोलली, पीळ दिला, टेप गुंडाळली. त्याला भीतीपेक्षा शरम जास्त वाटत होती. ज्या माणसाकडं आपण बोट दाखवून मोकळे झालो, तो परत आपल्याच कामाला येऊन उभा आहे, आणि एका शब्दानं बोल लावत नाही.

अंधार आता सांजेसारखा झाला होता. त्यानं टेपचं शेवटचं टोक दाबलं.

"आबा... आता?"

मग अगदी हळू, जणू काचेजवळ वाकून कुणी बोलत असावं...

"लागल्यावानी वाटतंय... पर गार हाय रं."

श्रीपती उठला. ट्रॉलीच्या कडेकडेनं, लोखंडाला हात लावत मागं गेला. कुणीही नव्हतं. दिवा स्थिर जळत होता. त्यानं तळवा पुढं केला आणि काचेपासून चार बोटांवर थांबवला. हात लावून बघणं हे ज्याला दिसत नाही त्याचं काम. आपल्याला तर धडधडीत दिसतंय. त्यानं हात मागं घेतला.

हळूहळू ऊन परत आलं. कोंबडे अवेळी आरवले. पाच वाजून गेल्यावर धुळाप्पा कोट्यातनं बाहेर आला, विहिरीवर जाऊन अंघोळ करून ओल्या धोतरानंच आला.

"झालं, मिस्त्री?"

"झालं. बघून घ्या."

धुळाप्पा मागं गेला खरा, पण मावळतीचं ऊन डोळ्यांवर येत होतं. "तुमी बगितलं म्हंजी झालं," तो म्हणाला. "तुमची सही हाय म्हनल्यावर म्या काय बगू?"

श्रीपतीनं चिठ्ठीवर सही केली. एरवी तो सायकल उसावर टाकून मडगार्डवर बसून गेला असता. आज म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं. मी सायकलवर मागून येतो. दिव्यावर नजर ठेवतो."

ट्रॅक्टर निघाला. लादलेल्या ट्रॉलीच्या मागं सायकल मारणं अवघड नव्हतं. सबंध वाटभर श्रीपतीनं दिव्यावरची नजर काढली नाही. खड्डे आले, नळकांडी पूल आला, दिवा एकदाही लवला नाही. अजून पुरतं ऊन असताना तो इतका लाल कसा दिसतो, हे त्याच्या मनात आलं नाही. आज चूक झालेली नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. दिवस बुडाला, कडेची शेतं काळी झाली, आणि तो लाल दिवा समोर चालत राहिला.

कारखान्याची चिमणी दिसायला लागली तेव्हा मागून एक मोटारसायकल आली. ती श्रीपतीच्या अंगावरून जाईल असं वाटलं, तेवढ्यात तिनं करकचून ब्रेक मारला, रस्ता सोडून शेताच्या बांधाला गेली आणि आडवी झाली. श्रीपती धावला. तरणा माणूस होता, कोपर सोलवटलेलं.

"मागं दिवा न्हाय, काय न्हाय," तो म्हणाला. "मारता का काय लोकास्नी? तुमचा पांढरा सदरा दिसला म्हणून वाचलो."

"दिवा हाय की," श्रीपती म्हणाला. पुढं जाणाऱ्या ट्रॉलीकडं त्यानं बोट केलं.

त्या माणसानं ट्रॉलीकडं पाहिलं. मग श्रीपतीकडं पाहिलं. मग गाडी उभी केली आणि सुरू करून उलट्या दिशेनं निघून गेला. तो प्यालेला असावा असं श्रीपतीनं ठरवलं. मग सायकल उचलून तो ट्रॉलीमागं निघाला.

फाटकाशी गुरुलिंग वॉचमननं ट्रॅक्टर अडवला होता. श्रीपती पोचला तेव्हा तो बॅटरी घेऊन ट्रॉलीच्या मागं उभा होता.

"वायरमन, तुमची सही बगून मला नवल वाटलं," गुरुलिंग म्हणाला. "दिवा कुटं हाय?"

"हा काय, लागलाय."

धुळाप्पा खाली उतरून आला. त्यानं दिव्याकडं बघितलं, गुरुलिंगाकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "न्हाय की, मिस्त्री. अंधार हाय."

श्रीपतीनं काचेवर तळवा ठेवला. बोटांच्या फटींतून लाल उजेड दिसत होता, आणि काच विहिरीच्या पायरीसारखी गार होती. त्यानं पेचकस काढून काच उतरवली. गुरुलिंगानं बॅटरी धरली. आत बल्ब काळा पडलेला, तार जळून गेलेली. श्रीपतीनं बल्ब काढून हातावर घेतला, आणि रिकाम्या जागी लाल दिवा जळतच होता. त्या दोघांना तो कसा सांगणार? त्यानं चिठ्ठी मागून घेतली आणि आपल्या सहीवर काट मारली.

ती रात्र तो अंगणात जागाच बसला. सकाळी कारखान्याच्या डॉक्टरांनी डोळे तपासले. ग्रहण काच न लावता पाहिलंस का, असं विचारलं. एकदा, क्षणभर, असं त्यानं सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले की पडद्याला चटका बसलाय, ठिपका दिसेल, महिन्या-दोन महिन्यांत जाईल. डॉक्टर शिकलेले होते आणि त्यांचं म्हणणं बरोबरही असेल. फक्त अशा चटक्याचा ठिपका डोळा जिकडं फिरेल तिकडं फिरतो. श्रीपती बाहेर आला तेव्हा वजनकाट्याशी साठ-सत्तर ट्रॉल्या रांगेत उभ्या होत्या, सकाळचे दहा वाजलेले, आणि प्रत्येक ट्रॉलीच्या मागं तिचा तिचा लाल दिवा जळत होता. मान वळवली तरी दिवे जागचे हलत नव्हते. कोणता खरा आणि कोणता नाही, हे त्याला यापुढं कळणार नव्हतं.

तो सरळ ऑफिसात गेला. आबारावांना दिसत नव्हतं, ते आपल्याला ठाऊक होतं, हात लावून बघायला आपणच शिकवलं, आणि बब्रुवानच्या मरणाची चौकशी झाली तेव्हा आपण खोटं बोललो, हे त्यानं कागदावर लिहून दिलं. साहेबांनी दोनदा वाचलं आणि घरी जायला सांगितलं.

घरी जायच्या आधी तो मालनबाईंकडं गेला. आबारावांची बायको. उंबऱ्यात बसून त्या वाकळ शिवत होत्या. श्रीपतीनं जयभीम केला आणि बसला नाही, उभ्यानंच सगळं सांगितलं. ऑफिसात जे लिहून दिलं तेवढंच. ग्रहणातलं काही नाही.

मालनबाईंचा हात थांबला नाही. "मला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या.

"मग काकी, तुमी बोलला का न्हाईत? लोकं आबास्नी काय काय म्हनले."

"हे नगं म्हनले. पोराची नोकरी जाईल म्हनले." त्यांनी टाका ओढला. "तू येनार, ते बी ठावं व्हतं. काल येऊन गेले."

"कोन?"

"हेच. दुपारी अंधारून आलं तवा. हितंच बसले व्हते, तू हुबा हाईस तितं. म्या म्हनलं, सपान आसंल, पर हातात तर वाकळ व्हती." आबारावांचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं, आताही घेतलं नाही. "माज्याच्यानं सुईत दोरा जाईना, रं. किती येळ झटत व्हते. तर ह्यांनी माज्या हातातली सुई घेतली, आन बघ... पैल्याच झटक्याला ववून दिली."